नोंदणीकृत श्रोता : ऐकणे, दुरुस्ती आणि उत्तरदायित्व

‘ऐकले नाही’ या साध्या मराठी वाक्याला दोन अर्थ आहेत. एका अर्थाने शब्द कानापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या अर्थाने तो पोचला, परंतु ऐकणाऱ्याने त्याची कदर केली नाही. पहिल्या अर्थाने हे वाक्य सबब म्हणून उच्चारले जाते, दुसऱ्या अर्थाने आरोप म्हणून. नैतिक व्यवहारातील श्रवणविचार बव्हंशी या दोहोंतील सीमारेषेवर उभा आहे. जे कानी पडलेच नाही त्याबद्दल कोणास दोषी धरता येत नाही, आणि जे कानी पडूनही उपेक्षिले गेले त्याबद्दल धरता येते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु काय कानी पडावे हेच जेव्हा ऐकणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेले असते, तेव्हा ही सीमारेषा कोठे आखायची? हा प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलाचा राहिलेला नाही. आज मनुष्याच्या इच्छेचा, विनंतीचा, नकाराचा फार मोठा भाग संगणकाच्या पडद्यावरील बटणे, चौकटी आणि कळफलक यांच्या वाटेने व्यक्त होतो. आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जो बसलेला असतो त्याला संगणकशास्त्राच्या परिभाषेत ‘लिसनर’, म्हणजे श्रोता, असेच नाव आहे.

हे नाव अपरिहार्य नव्हते, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. एका घटकात काही बदल झाला की इतरांना त्याची वर्दी मिळावी, या रचनेस वेगवेगळ्या काळी वेगवेगळी नावे मिळाली. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधनकेंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक या भाषेत वर्दी मिळणाऱ्यांस ‘अवलंबित’ म्हटले जाई. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीज या चौघांचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आज्ञावलीरचनेच्या तेवीस आकृतिबंधांची मीमांसा करतो. त्यात याच रचनेला ‘निरीक्षक’ असे नाव असून प्रकाशक आणि वर्गणीदार ही जोडी तिचे पर्यायी नाव म्हणून नोंदली आहे. जावा या भाषेने ‘श्रोता’ हे नाव रूढ केले. म्हणजे एकाच यांत्रिक संबंधाचे वर्णन आधी नात्याच्या, मग डोळ्याच्या, मग बाजाराच्या आणि शेवटी कानाच्या भाषेत झाले. यांपैकी वस्तुस्थितीस सर्वांत जवळची प्रतिमा वर्गणीदाराचीच आहे, हे नियतकालिकांच्या वाचकांस तरी पटवून द्यावे लागू नये. निरीक्षक पाहत नाही, श्रोता ऐकत नाही. त्यांनी नाव नोंदवलेले असते आणि अंक निघाला की तो त्यांच्या दारी पडतो. तरीही टिकले ते श्रोत्याचे नाव. श्रोता म्हटले की लक्ष देणे आले, समोरच्याला काही म्हणायचे आहे असे गृहीत धरणे आले, आणि प्रतिसादाचे बंधनही आले. या नावाने जे कबूल केले ते रचनेने पाळले का, एवढा प्रश्न विचारण्याचा अधिकार साहित्यविचारास निश्चितच पोचतो. कारण रूपकाने पत्करलेले ऋण तपासणे हे त्याचे जुनेच काम आहे.

रचना अशी. १९९६ सालच्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत पडद्यावरील बटण दाबले गेले की त्या घटनेची वार्ता प्रथम खुद्द बटणाकडे जाई. त्याने ती हाताळली नाही, तर ते ज्या चौकटीत बसवलेले आहे त्या चौकटीकडे, तिनेही हाताळली नाही तर तिच्याभोवतीच्या मोठ्या चौकटीकडे, अशी ती वर वर चढत जाई. कोणी ‘झाले’ असे उत्तर दिले की प्रवास थांबे. सरकारी कचेरीतील अर्जाचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. तिच्यात ऐकण्याची जबाबदारी स्थानावरून ठरत होती. जो ज्याच्या वर, त्याच्याकडे त्याचे गाऱ्हाणे. १९९७ साली आलेल्या १.१ या आवृत्तीने ही पद्धत मोडून नवी आणली. आता बटण स्वतःपाशी एक यादी ठेवते. ज्याला त्याचे ऐकायचे आहे त्याने आपले नाव त्या यादीत घालून घ्यायचे. घटना घडली की यादीतील प्रत्येकास कळवले जाते. यादीबाहेरच्या कोणासही नाही. इतकेच नव्हे, तर एखाद्या प्रकारच्या घटनेसाठी कोणीच नाव नोंदवलेले नसेल आणि घटकानेही ती मागितली नसेल, तर ती त्याच्या हाताळणीपर्यंत पोचवलीच जात नाही. माऊस हलला, पण त्या घटकापुरते काही घडले नाही.

येथे ‘घडणे’ आणि ‘ऐकले जाणे’ यांचा नेहमीचा क्रम उलटा झालेला दिसतो. लौकिक व्यवहारात आधी काही घडते, मग ते कोणी ऐकते वा ऐकत नाही. येथे कोणीतरी ऐकणार असेल तरच ते घटना या पदवीस पोचते. अर्थातच, संदेश ग्रहणकर्त्यावाचून पुरा होत नाही ही गोष्ट वाचककेंद्री समीक्षेस नवी नाही. वोल्फगांग इझर यांनी १९७२ साली मांडलेला संहितागर्भ वाचक हाही एक प्रकारे संहितेने आधीच राखून ठेवलेली जागा आहे. परंतु ती जागा आणि ही जागा यांत फरक आहे. इझर यांचा वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो. त्याच्याकडून काय भरले जाईल याची पूर्ण तरतूद संहितेत नसते. नोंदणीकृत श्रोत्याला मात्र कोणत्याही रिक्त जागेस सामोरे जावे लागत नाही. त्याने मान्य केलेल्या करारपत्रात त्याच्या प्रतिसादांची नावेसुद्धा लिहिलेली असतात. माऊसचे ऐकू इच्छिणाऱ्याने पाच गोष्टींना उत्तर देण्याचे कबूल करायचे असते: कळ दाबली गेली, सोडली गेली, दाबून सोडली गेली, बाण घटकाच्या हद्दीत शिरला, बाण हद्दीबाहेर पडला. यांपैकी एकीतच रस असला तरी बाकीच्या चारही नावांपुढे काहीतरी लिहावे लागे, निदान रिकामा कंस तरी. हा जाच टाळण्यासाठी जावाने पाचही उत्तरे रिकामी असलेला एक तयार नमुनाच पुरवला. ऐकण्यासाठी रीतसर नाव नोंदवायचे, वार्ता आली की ती स्वीकारायची, आणि काहीही करायचे नाही, अशा श्रोत्याची ही अधिकृत आवृत्ती होय. संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर तिचे मानवी अवतार विपुल आढळतात.

परंतु खरी गुंतागुंत वेगळीच आहे. ‘कळ दाबून सोडली’ ही गोष्ट घटना म्हणून नोंदली जाते, तेव्हाच तिच्यात अर्थनिर्णय शिरलेला असतो. दाबणे एके ठिकाणी आणि सोडणे दुसऱ्या ठिकाणी झाले, तर ते ‘दाबून सोडणे’ ठरत नाही. म्हणजे बोटाच्या हालचालींच्या अखंड प्रवाहातून काही तुकडे कापून त्यांस एक कृती म्हणून नाव देण्याचे काम श्रोत्याच्याही आधी कोणी तरी उरकलेले असते. जावाच्या रचनाकारांनी या कापण्याच्या दोन पातळ्या मानल्या. खालच्या पातळीवर हाताची हालचाल, वरच्या पातळीवर तिचा आशय. बटणावर माऊस टेकवून दाबले काय किंवा कळफलकावरून ते निवडून मोकळ्या जागेची लांब कळ दाबली काय, वरच्या पातळीवर एकच घटना उपजते: ‘कृती झाली’. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांतील भेद येथे सहज आठवावा. शब्द उच्चारणे ही एक क्रिया, आणि तो उच्चारून वचन देणे, आज्ञा करणे, माफी मागणे ही दुसरी. एक श्रोता हात ऐकतो, दुसरा हातामागचे म्हणणे ऐकू पाहतो.

हा भेद केवळ शास्त्रीय सोयीचा असता तर त्याच्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु जो हात माऊस धरूच शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न या भेदाला नैतिक वजन देतो. हात थरथरणारा, अंध, किंवा तोंडात धरलेल्या काडीने कळा दाबणारा मनुष्य त्याच पडद्यासमोर बसलेला असतो. त्याची इच्छा तीच असते, मात्र तिची हालचाल वेगळी असते. खालच्या पातळीवर, केवळ माऊसकडे कान लावून बसलेला श्रोता या माणसाला ऐकत नाही. तो त्याची उपेक्षाही करीत नाही, कारण उपेक्षेसाठी आधी अस्तित्वाची दखल लागते. महाजालाच्या मानकांचे काम पाहणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने मे १९९९ मध्ये सुगम्यतेचे पहिले मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेव्हा उपकरणाशी बांधलेल्या श्रोत्यांऐवजी आशयाशी बांधलेले श्रोते नेमावेत, अशी स्पष्ट शिफारस त्यात होती. पाव शतक उलटून गेल्यानंतरही ती सर्वत्र पाळली जाते असे म्हणता येत नाही. दिसायला बटण पण कळफलकाला बहिरे, असे चौकोन आजही सर्रास लिहिले जातात. ते लिहिणारे दुष्ट नसतात. त्यांनी आपल्या हाताकडे पाहून दुसऱ्याच्या हाताचा अंदाज बांधलेला असतो, एवढेच.

‘आशय ऐकणे’ याही कल्पनेस भाबडेपणाने शरण जाऊन चालणार नाही. विमसॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ साली कवीचा हेतू हे काव्यार्थाचे प्रमाण मानण्यास घेतलेला आक्षेप मराठी समीक्षेच्या परिचयाचा आहे. त्यांच्या दृष्टीने पाहता ‘कृती झाली’ ही घटना म्हणजे हेतूचे दर्शन नव्हे. संकेताने ठरवलेली खूण पुरी झाली, एवढाच तिचा अर्थ. ‘मान्य आहे’ या बटणावर दाबणारा मनुष्य खरोखर मान्य करीत असतो काय? बारीक टाइपातील मजकूर न वाचता पुढे जाण्याची वाट मोकळी करणे एवढेच त्याला हवे असते, हे बटण मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही नोंद ‘मान्यता’ अशीच होते. लुई अल्थुसेर यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध उदाहरणात रस्त्यावर पोलिसाने हाक मारताच मागे वळणारा मनुष्य त्या वळण्यानेच व्यवस्थेचा प्रजानन होतो. पडद्यापुढील मनुष्याची स्थिती याच्या जवळची आहे, फक्त हाक मौन आहे. त्याच्यापुढे फक्त ज्यांना श्रोता आहे अशाच कृतींची बटणे मांडलेली असतात. त्यांपैकी एक निवडताच तो त्या यादीतील कोणीतरी होऊन जातो. यादीत नसलेले म्हणणे मांडण्यास त्याला पडद्यावर जागाच नसते.

या सर्व विवेचनास एक कठोर दाखला आहे, आणि तो वर उल्लेखिलेल्या जावा भाषेहून जुना आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातील अणुऊर्जामंडळाने तयार केले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्रांतून सहा रुग्णांना किरणांची प्रचंड अतिरिक्त मात्रा मिळाली. त्यांतील दोन अपघात टेक्सासमधील टायलर या गावी एकाच उपचारकेंद्रात, तीन आठवड्यांच्या अंतराने, मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये घडले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाची जी सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली ती अभियंत्यांसाठी लिहिलेली असली, तरी श्रवणाच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथ म्हणूनही ती वाचता येते.

यंत्र दोन पद्धतींनी चाले: क्ष-किरणांची आणि इलेक्ट्रॉनची. चालकाने पडद्यावरील रकाने कळफलकावरून भरायचे, आणि पद्धतीसाठी ‘एक्स’ किंवा ‘ई’ हे अक्षर टंकायचे. त्या दिवशी चालकाने ‘ई’ऐवजी सवयीने ‘एक्स’ टंकले, कारण बहुतेक रुग्णांना क्ष-किरणच द्यावयाचे असत. चूक ध्यानात येताच तिने वर जाणारी कळ दाबून त्या रकान्यापर्यंत मागे जाऊन अक्षर दुरुस्त केले, आणि बाकीचे रकाने झपाट्याने ओलांडून ती पुन्हा तळाशी आली. पडद्यावर दुरुस्त अक्षर दिसत होते. परंतु आत काय घडले होते? सर्व रकाने भरून खूण तळाच्या ओळीवर पोचली की माहिती पुरी झाली असे आज्ञावली मानी, आणि यंत्रातील चुंबके जुळवण्यास सुरुवात करी. या कामास सुमारे आठ सेकंद लागत. एवढ्या वेळात चालकाने काही बदलले तर ते ऐकण्याची व्यवस्था लिहिलेली होती. मात्र ‘ऐकत राहा’ असे सांगणारी खूण पहिल्या चुंबकापाशीच पुसली जाई, आणि उरलेल्या चुंबकांच्या वेळी कोणीच ऐकत नसे. चालक अनुभवी होती, म्हणून तिचा हात जलद होता. हात जलद होता, म्हणून तिची दुरुस्ती त्या बहिऱ्या सेकंदांत पडली. शलाकेची शक्ती एका पद्धतीची आणि तिच्या वाटेवरील यांत्रिक मांडणी दुसऱ्या पद्धतीची, अशा अवस्थेत यंत्र चालू झाले. आधीच्या प्रतिकृतीत अशा विसंगतीस अडवणारे यांत्रिक अडसर होते. या यंत्रात तो भार आज्ञावलीवर सोपवलेला होता.

पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरे आली. चालकापाशी असलेल्या पुस्तिकेत त्यांचा अर्थ उलगडलेला नव्हता. दिलेली मात्रा ठरलेल्या मात्रेपेक्षा फारच कमी असल्याचे पडदा दाखवीत होता. अशा किरकोळ तक्रारी यंत्र वारंवार करी आणि ‘पी’ ही कळ दाबली की काम पुढे सुरू होई, हे चालकास सवयीने ठाऊक होते. तिने ‘पी’ दाबली. जाड भिंतींच्या खोलीत रुग्ण एकटा होता. पहिल्या आघाताने त्यास विजेचा धक्का बसल्यासारखे वाटले होते, आणि मदतीसाठी तो उठू पाहत असतानाच दुसरा आघात झाला. खोलीतील दृश्य बाहेर दाखवणारा दूरदर्शनसंच त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाज बाहेर पोचवणारी यंत्रणा नादुरुस्त होती. अखेर त्याने दारावर मुठी आपटल्या. पाच महिन्यांनी तो मरण पावला. एप्रिलमधील अपघाताच्या वेळी ध्वनियंत्रणा चालू होती. चालकास आतला कण्हण्याचा आवाज ऐकू आला आणि ती धावली. परंतु तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते, आणि तो रुग्णही १ मे रोजी दगावला.

या प्रसंगात किती श्रोते होते आणि कोण कोणास बहिरा होता, याचा हिशेब मांडणे सोपे नाही. आज्ञावली चालकाच्या हाताला बहिरी होती, निदान काही सेकंद. भिंती आणि बिघडलेली यंत्रणा यांमुळे चालक रुग्णाला बहिरी होती. परंतु चालक यंत्राच्याही तक्रारीला बहिरी झालेली होती, आणि ती अशी व्हावी याची तजवीज यंत्राच्या वारंवार व अर्थहीन तक्रारींनीच केली होती. ठराविक खुणेला ठराविक कळीने उत्तर देता देता मनुष्यही नोंदणीकृत श्रोता होऊन बसतो, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. उत्पादकांच्या तंत्रज्ञांना आरंभी हा बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला नाही, कारण त्यांचा हात चालकाइतका चपळ नव्हता. टायलर येथील भौतिकशास्त्रज्ञाने चालकाला सोबत घेऊन, तिच्या गतीने पुन्हा पुन्हा टंकून पाहिले, तेव्हाच ते उलगडले. म्हणजे या प्रकरणात ऐकण्याची पहिली खरी कृती घडली ती एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या हाताची लय प्रमाण मानली तेव्हा.

त्यानंतर उत्पादकांनी तातडीचा उपाय म्हणून जे पत्र धाडले ते या सर्व कथेतील सर्वांत बोलके साधन आहे. दुरुस्तीसाठी मागे नेणारी कळ वापरू नये, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. त्या कळीचे वरचे टोपण काढून टाकावे आणि खालचा संपर्क जुळणार नाही अशा प्रकारे विद्युत-पट्टी चिकटवावी, अशी सूचना त्यांनी केली. तात्पुरता उपाय म्हणून ती समजण्यासारखी होती असेही कोणी म्हणेल. पण तिचा आकृतिबंध पाहावा: श्रोत्याला ऐकू येत नाही, म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडाला पट्टी.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. यंत्र मुळात ऐकतच नाही; ‘श्रोता’ हे निव्वळ रूपक आहे; तेव्हा नैतिक प्रश्न उरतो तो फक्त आज्ञावली लिहिणाऱ्याचा, आणि तो निष्काळजीपणाच्या सामान्य नियमांनी सुटण्यासारखा आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र वाटतो तितका सरळ नाही. आज्ञावली लिहिणारा ऐकण्याच्या क्षणी तेथे हजर नसतो. त्याने आपले ऐकणे आधीच लिहून ठेवलेले असते, आणि ते तो झोपेत असताना, नोकरी सोडून गेल्यावर, मृत्यूनंतरही चालू राहते. लेखनाचे हे वैशिष्ट्य साहित्यविचारास चांगले ठाऊक आहे. परंतु आजवर ते बोलणाऱ्याच्या बाजूने ठाऊक होते. लेखक अनुपस्थित असतो आणि त्याचा शब्द बोलत राहतो. येथे श्रोता अनुपस्थित आहे आणि त्याचा कान तेवढा मागे राहिला आहे. निष्काळजीपणाच्या नियमांना ‘त्या वेळी काय कळू शकत होते’ हे विचारता येते. आगाऊ लिहिलेल्या श्रवणास ‘त्या वेळी’ असे काही नसते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मनुष्याचे ऐकणे तरी पूर्वरचित नसते काय? गाडामर यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पूर्वग्रहांस आकलनाचा अडथळा न मानता त्याची अटच मानले. भारतीय काव्यशास्त्राचा सहृदयही काही कोरा नसतो. अभिनवगुप्तांच्या मते काव्याच्या अभ्यासाने त्याच्या मनाचा आरसा घासून निर्मळ झालेला असावा लागतो. म्हणजे त्याचीही पूर्वतयारी असते, एका अर्थाने पूर्वनोंदणी. हे मान्य केले पाहिजे. परंतु गाडामर यांच्या विवेचनात पूर्वग्रह समोरच्या संहितेशी भिडताना पणास लागतो. ऐकलेल्या गोष्टीने ऐकण्याची चौकट बदलू शकते. सहृदयाच्या तयारीचे फळ म्हणजे ग्राह्य गोष्टींची यादी नव्हे, तर यादीवाचून समोर जाण्याची क्षमता. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे जे अवधान मागितले आहे तेही कोणत्या एका विषयापुरते नाही. म्हणूनच त्या ग्रंथातील श्रोते मधूनच अस्वस्थ होऊ शकतात, आणि वक्त्यालाही त्यांच्याकडे वळून बोलावे लागते. भेद पूर्वतयारी असण्या-नसण्यात नाही. ऐकलेले परत फिरून ऐकणाऱ्याला दुरुस्त करू शकते की नाही, यात आहे. या कसोटीवर थेरॅकची आज्ञावली अनुत्तीर्ण ठरते, आणि ‘पी’ दाबण्यास सरावलेला हातही फारसा उजवा ठरत नाही.

दुरुस्ती हा शब्द येथे सहज आलेला नाही. टायलर येथे न ऐकली गेलेली गोष्ट आज्ञा नव्हती, आज्ञा मागे घेणे होते. ‘एक्स’ ऐकले गेले. ‘एक्स नव्हे’ ऐकले गेले नाही. बोलण्यापेक्षा शब्द परत घेणे ऐकणे अधिक कठीण असते, कारण त्यासाठी श्रोत्याला आपला आरंभलेला प्रतिसाद थांबवावा लागतो. अलीकडच्या काळात या कठीण गोष्टीची दखल एका अनपेक्षित ठिकाणी घेतली गेली आहे. जून २०१८ मध्ये आलेल्या सुगम्यतेच्या २.१ या मानकात असा निकष आहे की, सामान्यतः बोट टेकताच कृती पार पाडू नये. ती बोट उचलल्यावर व्हावी, अथवा झालेली कृती उलटवता यावी. चुकीच्या जागी टेकलेले बोट तसेच सरकवत बटणाबाहेर नेऊन उचलता यावे, हा त्याचा हेतू. दाबणे आणि सोडणे यांमधील तो निमिष म्हणजे मनुष्याला बेत बदलण्यासाठी राखून ठेवलेली जागा होय. एरवी रुक्ष वाटणाऱ्या तांत्रिक दस्तऐवजात नीतिविचाराचे इतके नेमके वाक्य क्वचित सापडते.

याच्या नेमका उलटा व्यवहारही त्याच महाजालावर चालतो. पृष्ठावरील रकान्यात लिहिलेला मजकूर ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावरच पलीकडे जातो, असा वापरणाऱ्याचा समज असतो. वस्तुतः प्रत्येक कळीवर श्रोता नेमता येतो, आणि अक्षर उमटताक्षणी ते अन्यत्र धाडता येते. लोकप्रिय संकेतस्थळांची पाहणी करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजाराहून अधिक स्थळांवर ईमेल-पत्ता पाठवण्याआधीच तिऱ्हाइतांकडे पोचत असल्याचे आढळले. लिहून खोडलेले, लिहून विचार बदललेले, असे सर्व येथे ऐकले जाते. फक्त खोडणे ऐकले जात नाही. हस्तलिखितांच्या खाडाखोडीवरून निर्मितिप्रक्रियेचा शोध घेणारा अभ्यासक कवीच्या टाकून दिलेल्या ओळीही वाचतो, हे खरे. परंतु तो त्या टाकलेल्या ओळी म्हणून वाचतो, कवीचे अंतिम म्हणणे म्हणून नव्हे. रोलां बार्थ यांनी रोलां हावास यांच्यासमवेत लिहिलेल्या श्रवणविषयक निबंधात ऐकण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत: भक्ष्याच्या वा संकटाच्या चाहुलीकडे टवकारलेला कान, खुणा उलगडणारा कान, आणि बोलणारा कोण आहे इकडे लागलेला, दोघांमध्ये जागा निर्माण करणारा कान. प्रत्येक कळीवर टपून बसलेला श्रोता सर्व काही ऐकतो म्हणून तिसऱ्या प्रकारात जात नाही. तो पहिल्याच प्रकारात राहतो, आणि भक्ष्य कोण हेही तेथे स्पष्ट असते. कमी ऐकणे आणि अधिक ऐकणे हे दोन वेगळे दोष नसून बोलणाऱ्यास आपल्या शब्दावरचा ताबा नाकारण्याच्या या दोन रीती आहेत, असे यावरून म्हणता येईल.

मराठी लिहिणाऱ्यास या प्रश्नाचा एक अगदी घरगुती अनुभव येतो. देवनागरी अक्षर पुष्कळदा एका कळीचे नसते. उच्चाराबरहुकूम टंकण्याच्या पद्धतीत ‘स्त्री’ या एका अक्षरासाठी अनेक रोमन कळा दाबाव्या लागतात, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर पडद्यावर काही तरी अपुरे उमटत असते: पाय मोडलेला स, मग त्याला लटकलेला त. एकेका कळीकडे कान लावून बसलेली आज्ञावली या अपुऱ्या आकारांनाच शब्द समजते. शोधाच्या चौकटीत अर्ध्या अक्षरावर यादी उघडते, किंवा अक्षरसंख्या मोजताना भलताच आकडा सांगते. यासाठी न्याहाळकांमध्ये आता जुळणीचा आरंभ आणि जुळणीचा शेवट अशा दोन स्वतंत्र घटना मानल्या आहेत, आणि त्यांच्या दरम्यान मिळालेल्या कळांना अंतिम न मानणे हे श्रोत्याचे काम समजले जाते. हा नियम चिनी, जपानी, कोरियन लेखकांना जितका लागतो तितकाच अशा पद्धतीने मराठी टंकणाऱ्यालाही. तो पाळायचा तर आज्ञावलीकाराला एवढेच ठाऊक असावे लागते की, जगात काही लोक असे आहेत ज्यांचे अक्षर पुरे होण्यास वेळ लागतो, आणि ते पुरे झाले हे त्यांनी सांगेपर्यंत थांबायचे असते.